तरंगता बंब

वाफेवरची होडी बांधायच्या छंदात होडी फार उशिरा येते. अडीच-तीन फुटांचं लाकडी धूड काय, सागाच्या पट्ट्या, गोंद आणि सुट्टीचे चार दिवस असले की उभं राहतं. तोवर शेजारीपाजारी कौतुकानं डोकावतात. बॉयलरचं नाव काढलं, की तेच शेजारी आपल्या मुलांना हाका मारून घरात घेतात.

पुण्यात राहणाऱ्याला बॉयलरसाठी लांब जावं लागत नाही. कसब्यात तांबट आळी आहे. आणि खरं सांगायचं तर उभा बॉयलर मराठी माणसाला शिकवायला नको. बंब म्हणजे वेगळं काय असतं? मधोमध नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी, वर धूर. आपल्या पूर्वजांनी फक्त झाकण सैल ठेवलं आणि आंघोळी उरकल्या. झाकण घट्ट बसवण्याची बुद्धी कुणाला झाली असती, तर एक तर आगबोटीचा शोध कसब्यात लागला असता, नाहीतर कसबा शोधावा लागला असता.

तांबटकाकांपुढे मी चित्र ठेवलं. वीतभर उंच, चार बोटं रुंद.

"ह्यात आंघोळ कोण करणार?"

"होडी चालवायचीये, काका."

"माणसं किती बसणार?"

"एकही नाही."

काकांनी कागद उलटा करून मागे काही खुलासा लिहिलाय का, ते पाहिलं. मग पत्रा सोळा गेजी घ्यायचा, एवढ्यावर आमचं जमलं. डाखावरून मात्र वाद झाला. कथलाचा डाख दोनशे अंशांच्या आसपास पाघळतो. नळीत ज्योत शिरली की सांधे रडायला लागणार. मी चांदीच्या डाखाचा आग्रह धरला. तो सहाशेच्या पुढेच वितळतो. 'चांदी' म्हटल्यावर काकांच्या नजरेतला माझ्याविषयीचा आदर वाढला, आणि त्या प्रमाणात बिलही.

पंचवीस लिटरहून कमी पाणी मावणाऱ्या बॉयलरला सरकारचा बॉयलर कायदा लागू होत नाही. माझ्यात मावतं अर्धा लिटर. घरातला कायदा मात्र लिटर मोजत नाही. तीन किलो दाबावर चालवायचा बॉयलर आधी सहा किलोला तपासायचा असतो, तोही गच्च थंड पाणी भरून, हातपंपानं. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे सांधा सुटलाच तर चार थेंब उडतात आणि काटा खाली येतो. वाफेचं तसं नाही. पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सोळाशेपट जागा मागते. हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि बाल्कनीतले पापड आत नेले.

पाणी बोअरचं चालत नाही, आतून क्षार धरतो. त्यामुळे इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं पाणी वरचेवर कमी होतं. आमच्याकडे दिवे गेले की इन्व्हर्टरही जातो, याला बॅटरीच्या दुकानदाराला जबाबदार धरण्यात येतं. मी त्यात पडत नाही.

असल्या उद्योगाला परंपरा आहे का, असं कुणी विचारलं की मी अर्देशीर करसेटजी वाडियांचं नाव काढतो. माझगावच्या या गृहस्थांनी १८३३ मध्ये 'इंडस' नावाची छोटी आगबोट पाण्यात सोडली आणि १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांचं घराणंच मुंबईच्या गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजं बांधत होतं, हा तपशील मी वेळेअभावी गाळतो.

होडी चालवायला मित्राच्या चुलत्यांचं शेततळं मिळालं, सासवडच्या पुढे. चुलते धोतर सावरून काठावर बसले. मी स्पिरिट पेटवलं. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. पेटलंय की नाही हे कानानं ओळखायचं, हातानं नव्हे. काटा एकवर आला, दीडवर रेंगाळला, मग एकदम सुटला. चाक बोटानं पुढेमागे घोळवलं. पहिल्यांदा इंजीन नुसतं खोकतं आणि मनगटावर कढत पाणी थुंकतं, कारण थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं. ते निपटलं आणि सिलिंडर डुलायला लागला. या जातीच्या इंजिनात सिलिंडरच डावी-उजवीकडे डुलून आपली भोकं उघडतो आणि झाकतो, वेगळी झडप नसते. तेलाचा वास सुटला. होडी निघाली, गरतीच्या चालीनं.

"वर चहा ठेवता येईल?" चुलत्यांनी विचारलं. आजवर आलेल्या सूचनांमधली ही सर्वांत अक्कलहुशारीची.

होडी तळ्याच्या मधोमध जाऊन थांबली. थांबायचीच होती. पाण्याच्या आधी स्पिरिट संपलं पाहिजे, असं माप ठेवतात. उलट झालं तर कोरडी नळी तापून तांबं मऊ पडतं. म्हणजे होडी जिथे थांबेल तिथे ती नियमाप्रमाणेच थांबलेली असते. माझ्या हातातल्या रिमोटवर सुकाणू तेवढं होतं. ते मी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. तळ्याला खाली प्लास्टिकचा कागद, शेवाळलेला. आत उतरायची सोय नाही.

"आता वो?" चुलते म्हणाले.

"आता वारा सुटला की येईल काठाला."

चुलत्यांनी तंबाखू मळली, दाढेत धरली आणि होडीकडे बराच वेळ बघितलं.

"मंग शीडच का न्हाई लावलं?"