चांगली चिंधी मिळत नाही

पुण्यात हल्ली काय वाटेल ते मिळतं. रात्री दोन वाजता बिर्याणी मिळते, भर उन्हाळ्यात मटार मिळतो, एखाद्या भाग्यवंताला लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागासुद्धा मिळते. चांगली चिंधी मात्र मिळत नाही.

असं म्हटलं की लोक हसतात. "चिंध्यांना काय तोटा? आमच्याकडे ये, पोतंभर देते," म्हणतात. मी जाते. पोतं उघडलं की आत लेगिंग्ज, चमचमत्या ओढण्या, मुलीच्या गॅदरिंगचा जाळीदार फ्रॉक आणि कुठल्या कुठल्या मॅरेथॉनचे टी-शर्ट. यातलं एकही गोधडीच्या कामाचं नसतं. गोधडीची चिंधी सुती हवी. वर्षानुवर्षं धुतलेली हवी, म्हणजे तिच्यातली खळ पार निघून जाते, सूत सैलावतं आणि सुई तिच्यातून विनातक्रार आरपार जाते. विरलेली हवी, पण बोट लावताच टरकणारी नको. आणि रंग पक्का हवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारच्या तुकड्याला घेऊन बुडते. एवढ्या अटी उपवर मुलाची आईसुद्धा घालत नाही.

माझ्या आजीला ही अडचण कधी आली नाही. तिच्या घरात कापड रीतसर म्हातारं होत असे. लुगडं आधी सणावारी नेसायचं, मग रोज नेसायचं, मधेच फाटलं की दंड घालून पुन्हा नेसायचं. तेही जमेनासं झालं की त्यातून बाळाची दुपटी, लंगोट. उरलेलं गोधडीत. गोधडी विरली की ती नव्या गोधडीच्या पोटात, आणि अगदीच अखेर पोतेऱ्यात. कापड सेवानिवृत्त होत नसे, त्याची फक्त बदली होई.

शिवाय तिचं गणितही सोपं होतं. 9 वार म्हणजे 27 फूट. लुगड्याची चार पदरी घडी घातली की पावणेसात फूट लांबीचे चार थर तयार. पन्हा साधारण 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट. एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकला, कात्री न लावता. देवानं माणूस आणि कोष्ट्यानं लुगडं एकमेकांना विचारूनच बनवलं असावं. पाचवारी आली आणि सगळं बिनसलं. तिची तिघडी घातली तर लांबी भरते जेमतेम पाच फूट. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश पाचवारीच्या जमान्यातच अंगाला लागला असणार.

पण पाचवारीचं एक वेळ निभावलं असतं. घात केला तो न फाटणाऱ्या कापडानं. 1941 साली इंग्लंडमध्ये दोन रसायनतज्ज्ञांनी टेरिलीन तयार केलं. पुढे ते सुतात मिसळून टेरिकॉट झालं आणि आपल्याकडच्या समस्त पुरुषांनी त्याच्या पँटी शिवल्या. माझ्या सासऱ्यांची तशी एक पँट आजही कपाटात क्रीझसकट लटकते आहे. ती शिवणारा शिंपी गेला, त्याचं दुकान गेलं, सासऱ्यांची कंबर गेली, पँट आहे. आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी धारण करतो असा दाखला भगवंतांनी अर्जुनाला दिला, तेव्हा वस्त्रं जुनी होत होती म्हणून तो चालून गेला. आज तो सांगायचा तर उलटा सांगावा लागेल.

त्यामुळे माझी नजर जिवंत माणसांच्या अंगावर जाते. बसमध्ये पुढच्या आजोबांच्या सदऱ्याची कॉलर बघून मी मनात म्हणते, अजून दोन पावसाळे. लग्नात नवरीऐवजी तिच्या आत्याची जुनी इरकल न्याहाळते. घरात तर कोणाला स्वस्थता नाही.

"तू माझ्याकडे बघतेयस की शर्टाकडे?" एकदा ह्यांनी वर्तमानपत्र खाली करून विचारलं.

"शर्टाकडे."

"तरीच म्हटलं, एवढं प्रेमानं."

तेव्हापासून त्यांचा निळ्या चौकटीचा खादीचा शर्ट कपाटात दिसत नाही. तो कुठे आहे हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

माझी खरी चुरस मात्र बोहारणीशी. ती दारात आली की सासूबाई जुन्या कपड्यांचा गठ्ठा काढतात आणि मी तो तपासल्याशिवाय सोडत नाही. एकदा गठ्ठ्याऐवजी तिच्याच बोचक्यावर माझी नजर गेली. आत दोन जुन्या सुती साड्या होत्या, अशा मऊ, की हात फिरवताच मला झोप यायला लागली.

"या दोन मला दे, आणि ही जरीची तू ने," मी म्हटलं.

तिनं जरीची साडी उजेडात धरली. "एकीवर दोन कशा द्यायच्या ताई? वर काय देताय?"

"वर म्हणजे?"

"भांडं वगैरे."

मी आत जाऊन स्टीलचं पातेलं आणून दिलं. बोहारणीला भांडं देऊन जुने कपडे घेणारी मी जगातली पहिली बाई असेन. सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "उद्या भाजीवाला आला की त्याला आपल्या कुंडीतली कोथिंबीर दे हो."

एका बाबतीत मात्र या छंदानं समाजावर उपकार केलेत, ते म्हणजे ब्लाउजपीस. ओटीत मिळालेला ब्लाउजपीस शिवायचा नसतो, पुढच्या बाईच्या ओटीत घालायचा असतो, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. काही ब्लाउजपीस इतकी हळदीकुंकवं फिरलेत की त्यांची घडी उलगडली तर चार वेगळ्या रंगांच्या पट्ट्या दिसतात. माझ्या हाती त्यातला सुती सापडला की मी त्याचे चौकोन पाडते. जन्ममरणाच्या फेऱ्यातून एक जीव सुटतो. जावा-नणंदा हळहळतात, कारण चैत्रात तो त्यांच्याकडे परत येणार होता.

माझी धाकटी नणंद न्यू जर्सीला असते आणि तीही गोधड्या शिवते. फक्त तिकडे त्याला क्विल्ट म्हणतात आणि ह्यूस्टनला दर शरद ऋतूत त्यांचा प्रचंड मेळा भरतो. तिच्याकडे पिझ्झा कापायच्या चाकासारखी फिरती सुरी आहे, ती चालवायला खाली रबरी चटई आहे, पट्ट्यांचा डबा आहे. व्हिडिओ कॉलवर तिनं सासूबाईंना सगळं दाखवलं. हे बघ आई, हे नवं कापड आणलं, याचे असे तुकडे केले आणि आता ते पुन्हा असे जोडायचे.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग कापलं कशाला?"

अमेरिकेकडे याला अजून उत्तर नाही.

पण तिकडेही माझ्या आजीच्या जातकुळीच्या बायका आहेत. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्यांचे वंशज तिथे राहतात, आणि तिथल्या बायका शेतावरच्या विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 2002 साली त्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं, पुढे ते न्यूयॉर्कला गेलं, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. त्यातली एक गोधडी मिसूरी पेटवे या बाईनं 1942 साली शिवली. नवरा वारला, तेव्हा तिनं त्याचे कामावरचे कपडे फाडून त्यांची गोधडी केली, पांघरायला. त्याचे सदरे, त्याच्या विजारी, सगळं त्यात. फोटो दाखवताना माझा आवाज जड झाला.

हे बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे खादीच्या शर्टासाठी मला तेवढी वाट बघायला लावणार आहेस ना? आधी नेणार नाहीस?"

प्रत्यक्ष शिवणकाम सुरू झालं की आमचा हॉल बंद होतो. फरशीवर अस्तर पसरायचं, त्यावर थर, त्यावर वरचा पदर, आणि सगळं ताणून चारही बाजूंनी कच्चा टाका घालायचा. तोवर घरच्यांनी भिंतीला पाठ लावून चालायचं. पाहुणे आले तर त्यांनाही तसंच आत नेतात. दोघे-तिघे त्यानंतर आलेले नाहीत. मग काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. थरांमध्ये अडकलेल्या हवेची ऊब असते आणि ती हवा जागच्या जागी धरून ठेवणं एवढंच या हजारो टाक्यांचं काम. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून इथे आणलेल्या माणसांचे वंशज. त्यांच्या बायकाही कौदी अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोण लावतात, त्याला फूल म्हणतात. मी ते उचललं. सासूबाईंना आवडलं, त्या साताऱ्याकडच्या, त्यांच्या लेखी ही वाकळच, पण नटलेली. ह्यांनी विचारलं, "हे रिफ्लेक्टर कशाला? गोधडी रात्री रस्त्यावर काढायचीय?"

काम वेळेवर संपतं असं मात्र नाही. आमच्या नात्यात कुणाकडे गोड बातमी आली की मी बाळासाठी दुपटं शिवायला घेते. बाळ नऊ महिन्यांत येतं. दुपट्याला तशी सक्ती नाही. एकाचं बारशाला द्यायचं होतं, ते जावळाला देऊ म्हटलं. आता मुंजीचा मुहूर्त धरला आहे, आणि मुलाची उंची पाहता कडेनं पट्ट्या जोडत चालले आहे. अशा वेळी मला वॉल्टर हंट या अमेरिकन माणसाचा मोठा आधार वाटतो. त्यानं 1830 च्या दशकात चालणारं शिलाई मशीन बनवलं आणि पेटंट न घेताच सोडून दिलं. 1846 साली दुसऱ्याच कुणी आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. हंटनं पुढे 1849 मध्ये सेफ्टी पिन शोधली आणि थोडकं कर्ज फेडायला तिचे हक्क 400 डॉलरला विकून टाकले. माझी गोधडी महिनोन्महिने सेफ्टी पिनांवरच तगून असते. अर्धवट कामं करणाऱ्यांचं दैवत आणि त्याचा प्रसाद एकाच ठिकाणी मिळावा, हा योग दुर्मीळ.

पुरी झालेली गोधडी धुणं हे आणखी एक प्रकरण. ओली गोधडी उचलायला घरातले सगळे लागतात. आमच्या मशीननं एकदा ती आत घेतली, दोन गचके दिले आणि लाल दिवा लावून मौन धरलं. गॅलरीच्या कठड्यावर टाकावी तर खालच्या मजल्यावर अंधार होतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी वर येतात. तक्रार करायला आलेल्या त्या गृहस्थांच्या अंगात अस्सल सुती बंडी होती, बगलेत विरलेली. मी त्यांना चहा दिला.

एवढं करून गोधडी भेट द्यावी, तर घेणारी माणसं ती डोळ्यांना लावतात, "वापरायला मनच होत नाही गं" म्हणतात आणि डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवतात. काहींनी भिंतीवर टांगली आहे. थंडीत स्वतः पॉलिएस्टरच्या ब्लँकेटमध्ये कुडकुडत तिच्याकडे कौतुकानं बघतात. माझ्या एका मावसभावानं तेवढी ती इस्त्रीखाली घातली, मग गाडीत पसरली, मग आंब्यांच्या अढीवर टाकली. सगळे त्याला नावं ठेवतात. मी त्याला दुसरी शिवून दिली.

चिंधीच्या टंचाईवर मी अलीकडे उपाय काढलाय. दिवाळीत नातेवाइकांना सुती कपडेच घेते. भाच्यांना खादीचे सदरे, जावांना सुती साड्या, सासऱ्यांना धोतरजोडी. लोक म्हणतात, केवढा हा सढळ हात. त्यांना काय ठाऊक, ही पेरणी आहे. कोणाला काय दिलं, रंग कोणता, कधी हाती लागेल, याची वही ठेवली आहे. रोज घालून, घासून धुणाऱ्यांना पुढच्या वर्षी पुन्हा मिळतं. जपून ठेवणाऱ्यांना यापुढे चिवडा-लाडू.

ह्यांच्या वाढदिवसाला जाडसर खादीचा सदरा आणला. आरशासमोर वळून-वळून त्यांनी विचारलं, "कसा दिसतो?"

"खांद्यावर लवकर विरेल."

"कधीपर्यंत पाहिजे तुला?"

"सावकाश होऊ दे हो. दहा-बारा वर्षं तरी अंगावर असायला हवा."

ते एकदम खूश झाले. "म्हणजे तेवढी वर्षं मी आहे, असं धरून चाललीयेस तर!"

"धरून कशाला चालू? वहीत लिहिलंय."