श्री. पारंपरिक यांस अनावृत पत्र

श्री. पारंपरिक यांस,
स. न. वि. वि.

आपल्याइतके गीतलेखन महाराष्ट्रात कुणीच केले नसेल. ओव्या आपल्या, गोंधळ आपला, हळदीची गाणी आपली; आणि परवापरवा कुणीतरी रात्र जागून लिहिलेल्या कोळीगीताखालीही 'गीत : पारंपरिक' म्हणून नाव आपलेच. आपण मानधन मागत नाही, करारावर अडून बसत नाही, मागाहून वारस पाठवत नाही. असा गीतकार कोणत्या निर्मात्याला नको असेल? जात्यावरच्या ओवीवरचा आपला हक्क मला मान्य आहे. तक्रार आहे ती हयात माणसाच्या ओळींवर आपले नाव चढते त्याबद्दल. रॉयल्टी गाणे लिहिणाऱ्याला आपोआप मिळत नाही. नोंदीत ज्याचे नाव असते त्याला मिळते. आणि आपले तर बँकेत खातेही नाही.

एके काळी या तक्रारीला फारसा अर्थ नव्हता. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणे करून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माताच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या खटल्यात सांगितले होते. पाकीट हाती पडले की विषय संपला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने हे बदलले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिची बाजू लावून धरली होती. आता चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रिकेतल्या गाण्याचे हक्क विकता येतात, पण त्याच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा विकता येत नाही. चित्रपटगृहातला खेळ तेवढा अपवाद. 'सर्व हक्क कायमचे दिले' अशा छापील व्हाउचरवर सही केली तरी तो वाटा शाबूत राहतो. तो द्यायचा तर वारसांना, नाहीतर वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेला. रेडिओ केंद्रांनाही गीतकार-संगीतकारांचा हा हक्क डावलता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बजावले. म्हणजे गंमत अशी, की गीतकाराला आज स्वतःच्या सहीने जे गमावता येत नाही, ते श्रेयनामावलीतल्या आपल्या एका नावाने बिनबोभाट जाते.

ते कसे, हे कॉपीराइट संस्थेकडच्या नोंदणीच्या अर्जात दिसते. गाण्याचे शीर्षक, पर्यायी शीर्षक, गीतकार, संगीतकार, प्रकाशक, प्रत्येकाचा टक्का, आणि बेरीज बरोबर शंभर. गीतकाराची ओळख आयपीआय क्रमांकाने, रचनेची आयएसडब्ल्यूसीने, ध्वनिमुद्रणाची आयएसआरसीने. कंपनी ध्वनिमुद्रणाचा क्रमांक कधी विसरत नाही, कारण तिचे पैसे त्यावर येतात. रचनेच्या क्रमांकाची आठवण मात्र कुणालाच नसते. वाहिन्या आणि स्ट्रीमिंग सेवा काय वाजले त्याच्या याद्या देतात, त्या या नोंदींशी जुळवल्या जातात. 'पाऊस' हा शब्द रोमन लिपीत तीन जणांनी तीन तऱ्हांनी लिहिला, की एकाच गाण्याची तीन गाणी होतात आणि जुळणी अडते. हे आपल्याकडच्याच गबाळेपणाचे फळ आहे असेही नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये स्ट्रीमिंग सेवांनी सुमारे ४२.४ कोटी डॉलर एमएलसी या वसुली संस्थेकडे जमा केले. गाणी वाजली होती, पैसे तयार होते. फक्त कोणाचे ते जुळत नव्हते.

यावर काही जण म्हणतील, एवढी कागदपत्रे कोण करणार? प्रकाशन व्यवस्थापक नावाचा धंदा त्यासाठीच आहे. तो देशोदेशीच्या संस्थांकडे रचना नोंदवतो, वसुली करतो आणि बहुधा दहा ते वीस टक्के कापून घेतो. ही दलाली खरीच. पण करार नीट असेल तर मालकी गीतकाराकडेच राहते, आणि मुदत संपली की व्यवस्थापक बदलता येतो. मुदत न वाचता सही करणाऱ्याला मात्र कोणताच कायदा पुरा पडत नाही. रक्कम किरकोळ असते, हा दुसरा आक्षेप. एका तिमाहीपुरता तो बहुतेकांच्या बाबतीत खरा आहे. पण हक्क तिमाहीपुरता नसतो. तो मृत्यूनंतरही साठ वर्षे चालतो. गदिमा १९७७ साली गेले. त्यांच्या शब्दांना २०३७ अखेरपर्यंत संरक्षण आहे.

सर्वांत भारदस्त आक्षेप आपल्याच गोटातून येतो : लोकगीत सर्वांचे, त्यात नावाचा हव्यास कशाला? ऐकायला मोठे उदात्त वाटते. पण नाव लावण्याची चाल मराठीला परकी नाही. जनाबाई आणि तुकोबांनी अभंगात नाममुद्रा ठेवली. लावणीच्या अखेरीस शाहीर स्वतःचे नाव गुंफत. आणि ज्यांना आपण हक्काने आपल्या म्हणता त्या जात्यावरच्या ओव्या? हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, गाणाऱ्या बायांची नावे-गावे टिपून घेत. डोंगराळ गावांत वही घेऊन जे जमले, ते वातानुकूलित स्टुडिओत जमत नाही, यावर विश्वास कसा ठेवावा? शिवाय हा उदात्तपणा अर्ध्यावर थांबतो. गाणे सर्वांचे असते, पण त्याच्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचे नाव ठसठशीत असते.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या ध्वनिमुद्रणाला आपले नाव सुचवले जाईल, तेव्हा नावे, टक्के आणि सह्या असलेला वाटणीचा कागद आधी मागा. आणि ज्या गाण्याचा लेखक अजून फोन उचलतो, त्यावरून आपले नाव काढून घ्या.

कळावे, लोभ असावा.

एक श्रोता