आत्या, पंचा आणि उकळतं पाणी

गटाने सहलीला जाण्याचा एक फायदा कुठल्याच जाहिरातीत छापत नाहीत. आपल्या घरच्या माणसाचे प्रश्न चाळीस जणांच्या गलक्यात विरून जातात. खाजगी गाईड घेतला की ते सगळे एकाच जिवावर जाऊन पडतात, आणि तो जीव पगारी असल्यामुळे त्याला पळताही येत नाही.

आमच्या आत्यासाठी यलोस्टोनची खाजगी सहल ठरवण्याची कल्पना माझ्या बायकोची. सॉल्ट लेक सिटीहून पाच तास गाडी हाकून आम्ही आदल्या रात्री वेस्ट यलोस्टोन गावात येऊन पडलो होतो. सकाळी सातला दारात गाडी, सोबत भूशास्त्र शिकलेली गाईड, दुपारचं जेवण त्यांच्याकडून. डॉलरचा आकडा आत्याला कळू द्यायचा नाही असा घरात ठराव झाला होता. आत्याने तो पहिल्या वळणाआधी गाईडकडूनच काढून घेतला, रुपयांत गुणला आणि म्हणाली, "एवढ्यात राजापुरात माझ्या घरावरची कौलं बदलून झाली असती."

आत्या पंचाहत्तरीची, राजापूरची. अंगात सुती साडी, त्यावर माझ्या मुलाचं बर्फातलं जॅकेट. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, थर्मास आणि एक पंचा. पंचा कशाला, हे मी विचारलं नाही. गरम पाण्याचे झरे बघायला निघालेल्या कोकणी बाईच्या पिशवीत पंचा नसता, तर विचारलं असतं.

गाईड मोंटानाची तरुण मुलगी. कमरेला तिने अस्वलासाठीचा फवारा लावला होता. त्यात काय असतं, हा आत्याचा दिवसातला पहिला प्रश्न. मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, असं उत्तर आलं. "एवढंच ना?" म्हणत आत्याने चटणीचा डबा पिशवीत वरच्या बाजूला घेतला.

मग इतिहास सुरू झाला. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर. मी आत्याला हळूच सांगितलं, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठं.

"आणि राहतं कोण?"

"बायसन, लांडगे, अस्वलं."

"आधी कोण राहायचं?"

गाईड प्रामाणिक होती. तिने सांगितलं की इथल्या भूमीशी २७ आदिवासी जमातींचं नातं आहे, माणसाचा वावर अकरा हजार वर्षांचा आहे. ते लोक वाफेला घाबरून इकडे फिरकतच नसत, ही कथा गोऱ्यांनी मागाहून रचली. आत्याने एका शब्दात निकाल दिला: "प्रकल्पग्रस्त." रिफायनरीला विरोध करणाऱ्या नाणार आणि बारसूच्या तालुक्यातून आलेल्या बाईला यापुढे तपशिलाची गरज नव्हती.

पहिला मुक्काम फाउंटन पेंट पॉट. इथे जमिनीतून येणाऱ्या आम्लधर्मी वाफेने खडकाचा चिखल होतो आणि तो चिखल दिवसरात्र रटरटत असतो. आत्या कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली. "पिठलं झालंय," म्हणाली, "आता उतरवायला हवं." दहा पावलांवर उभ्या असलेल्या एका अमेरिकन कुटुंबाने आत्याच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहून, ही बाई भूगर्भाबद्दल काहीतरी महत्त्वाचं बोलली असावी अशा समजुतीने माना डोलावल्या. हवेत सडक्या अंड्यांचा वास होता. शाकाहारी बायकोने नाकाला रुमाल लावला. आत्याने नाही लावला. तिच्या मते ज्या पाण्याला वास नाही त्याने खरूज जात नाही.

इथून पुढे दिवसभर एकच वाद चालला, तोही फार सभ्यपणे. जमिनीतून गरम पाणी आलं की आपली पहिली प्रतिक्रिया आंघोळीची. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे, कुठेही जा: पाणी गरम आहे ना, मग उतरा. अमेरिकेची पहिली प्रतिक्रिया फळ्यांचा रस्ता, कठडा आणि पाटी. यलोस्टोनमध्ये असे लहानमोठे झरे, कुंडं, वाफेची भोकं मिळून दहा हजारांहून जास्त आहेत आणि त्यांतल्या एकातही पायाचा अंगठा बुडवायचा नाही. कारण रास्त आहे. पाणी उकळतं, कडेचा पापुद्रा पातळ असतो, आणि आत पडलेल्यांची यादी बरीच लांब आहे. आत्याला कारण पटलं. दहा हजार कुंडं वाया गेल्याचं दुःख मात्र उरलं.

ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगजवळ ते दुःख वाढलं. शंभर मीटरहून रुंद कुंड, मधोमध गडद निळं, कडेने हिरवं, पिवळं, नारिंगी. कडेचे रंग जिवाणूंचे, जसं तापमान तसा जिवाणू. वाऱ्याने वाफ आमच्याच अंगावर आणल्यामुळे आम्हाला त्यातला नारिंगी तेवढा दिसला, बाकीचे फोटोत बघितले. आत्याने कनवटीचं नाणं काढलं आणि गाईडने इतक्या नम्रपणे तिचा हात धरला की नाणं परत कनवटीला गेलं. मग समजूत घालण्यासाठी मॉर्निंग ग्लोरी नावाच्या कुंडाची हकीकत आली. लोकांनी नाणी टाकून टाकून त्याचं तोंड बुजवत आणलं. १९५० मध्ये पाण्याची पातळी उतरवून त्याला ओकायला लावलं, तेव्हा आतून नाण्यांबरोबर बाटल्या, मोजे आणि हातरुमाल निघाले. "म्हणजे यांच्यातही आपली माणसं आहेत," आत्या समाधानाने म्हणाली.

जिवाणूंची गोष्ट तिला जास्त आवडली. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला इथून जवळच्या एका झऱ्यात सत्तर अंशांच्या आसपास गरम पाण्यात जगणारा जिवाणू सापडला. त्याच्यातलं विकर तापवलं तरी बिघडत नाही, म्हणून पीसीआर चाचणी सोपी झाली, आणि कोरोनात जगभर तीच पद्धत वापरली. आत्याच्या नाकात त्या काळात काडी गेली होती. तिने नाकाला हात लावला. पीसीआरची पेटंटं १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरला विकली गेली, उद्यानाला त्यातलं काही मिळालं नाही, हेही गाईडने सांगितलं. यावर आत्या कोकणातल्या हापूसबद्दल आणि वाशीच्या दलालांबद्दल जे बोलली ते मी भाषांतरित केलं नाही.

ओल्ड फेथफुलला पोचलो तर समोर अर्धवर्तुळात बाकं आणि शेकडो माणसं. फवारा कधी उडणार याची वेळ लावलेली, दहा मिनिटं मागेपुढे. हे वेळापत्रक अंदाजपंचे नाही. मागचा फवारा थोडक्यात आटोपला असेल तर पुढचा तासाभरात येतो. लांबला असेल तर दीड तास थांबा. आतल्या पोकळ्या रिकाम्या जास्त झाल्या की भरून तापायला वेळ लागतो, इतका साधा हिशेब. "तुझे काका असेच होते," आत्या म्हणाली. "जास्त बोलले की जास्त वेळ गप्प."

थांबलो तेवढ्यात थर्मासमधला चहा झाला. सकाळी हॉटेलात केलेला, फिका. या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पत्ती म्हणावी तशी उतरत नाही, ही गाईडची शास्त्रीय मदत चहापेक्षा बरी होती. शिवाय तिने सांगितलं की १८८२ मध्ये जनरल शेरिडनच्या शिपायांनी या फवाऱ्याच्या तोंडात मळके कपडे टाकून धुऊन घेतले. सुती स्वच्छ निघाले, लोकरीच्या चिंध्या झाल्या. आत्याने आपल्या सुती साडीकडे अभिमानाने पाहिलं.

मग ते उडालं. चाळीस-पन्नास मीटर पांढरा खांब, दोन-तीन मिनिटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने हात जोडले. टाळ्या संपायच्या आत बाकं रिकामी होऊ लागली आणि आईस्क्रीमची रांग भरली.

गाईडने उत्सुकतेने विचारलं, कसं वाटलं? आता आत्याने राजापूरची गंगा काढली. उन्हाळे गावच्या डोंगरावर चौदा कुंडं, बहुतेक काळ कोरडी. पूर्वी साधारण तीन वर्षांनी, हल्ली त्याआधीही, एका दिवशी आपोआप पाणी येतं, काही आठवडे राहतं, जातं. सायफनसारखी काहीतरी योजना असावी असं जाणकार म्हणतात. पाटी नाही, वेळ नाही. आल्याची बातमी फुटली की एसट्या भरून माणसं. गाईडने वहीत लिहून घेतलं.

वेस्ट थंबला तळ्याच्या काठी फिशिंग कोन आहे. जुने प्रवासी तळ्यातला मासा पकडायचे आणि गळावरून न काढता शेजारच्या उकळत्या शंकूत शिजवायचे, वर डोक्याला आचाऱ्याची टोपी घालून फोटो काढायचे. आता बंदी आहे. बंदी असूनही २०२० मध्ये काही जण दुसऱ्या एका झऱ्यात कोंबड्या शिजवताना सापडले. आत्याने मसाला कुठला होता ते विचारलं.

हेडन खोऱ्यात बायसनचा कळप रस्त्यात बसला. नऊशे किलोपर्यंत भरणारं जनावर. त्याच्यापासून तेवीस मीटर लांब राहायचा नियम आहे, पण तो बायसनला लागू नाही. एक बैल आमच्या आरशाला नाक लावून गेला. आत्या काचेआडून "हॅट, हॅट" करत होती. गाडी हलायचं नाव नाही, म्हणून गाईडने मागे वळून सहज विचारलं, राजापूर भारतात नेमकं कुठे?

मी म्हटलं, सह्याद्रीच्या पायथ्याशी.

मुलीचा चेहराच बदलला. "डेक्कन ट्रॅप्स!" तिने कॉलेजात त्यावर परीक्षा दिली होती, बघितलं कधीच नव्हतं. मग बायसनला विसरून तिने आत्याला आत्याचाच मुलूख समजावला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा आला, थरांवर थर पसरले, आजही पाच लाख चौरस किलोमीटर व्यापून आहेत, सह्याद्रीत जाडी दोन किलोमीटरपर्यंत. यलोस्टोनचा लाव्हा घट्ट, तो अडकतो आणि फुटतो. आपला पातळ, तो वाहत गेला. यलोस्टोनचा सगळ्यात मोठा स्फोट एकवीस लाख वर्षांपूर्वीचा, त्यात अडीच हजार घन किलोमीटरच्या आसपास माल बाहेर पडला. दख्खनचा हिशेब पाच लाखांच्या वर जातो.

"रायगड, वेरूळ, सगळं तेच," मी भर घातली.

"माझं घर तर जांभ्याचं आहे," आत्या म्हणाली.

जांभा म्हणजे तोच दगड पावसात लाखो वर्षं कुजून झालेला, असं गाईडने सांगितलं. आत्या थोडा वेळ गप्प बसली. न्हाणीघराच्या भिंतीसुद्धा ज्वालामुखीच्या निघाल्या होत्या. मग तिने मला विचारलं, "मग पैसे कोणी कोणाला द्यायचे?"

तो प्रश्न मी पोचवला नाही. पण त्यानंतर गाईडने यलोस्टोनबद्दल बोलणं जवळजवळ सोडलं. हे पुन्हा कधी फुटेल, असं बायकोने विचारलं तेव्हा, वर्षाला सात लाख तीस हजारांत एक शक्यता, असं घाईने सांगून ती पुन्हा सह्याद्रीकडे वळली. आत्या उत्तरं देत होती. उन्हाळे गावचं पाणी मग कशाने तापतं, एवढं मात्र आत्याने विचारून घेतलं. खाली लाव्हा उरलेला नाही. पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं.

परतताना गाईडने आपणहून गाडी फायरहोल नदीच्या घळीत वळवली. कुंडांचं पाणी या नदीत मिसळतं, आणि ऑगस्टात तिथे एका जागी उतरायला रीतसर परवानगी असते. पोरं उड्या मारत होती. आत्या पायऱ्यांवरून जपून उतरली, साडी गुडघ्यापर्यंत घेतली, पाय सोडून बसली. पंचा खांद्यावर.

"कसं आहे?" मी विचारलं.

"कोमट. पण चालेल."

गाईडने बूट काढले आणि शेजारी बसली. मग फोनवर कॅलेंडर उघडून म्हणाली, गंगा पुढची कधी येणार, तारीख मिळेल का?

"येते तेव्हा येते."

"दहा मिनिटं मागेपुढे झाली तरी चालतील असं म्हणतेय," मी दुभाष्याचं काम केलं.

"तिला सांग, राहायलाच ये," आत्या पाय पुसत म्हणाली. "आणि परतीचं तिकीट काढून येऊ नकोस."