नर्स घालवावी कशी? नवोदित व्यवस्थापकांसाठी

पगार कमी दिला की नर्स जाते, हा नवशिक्यांचा गैरसमज. कमी पगारात वर्षानुवर्षं टिकलेल्या सिस्टर कराडात आहेत. त्यांना घालवायचं तर वॉर्डातलं वातावरण बिघडवावं लागतं, आणि त्याला पैसाही लागत नाही.

सुरुवात ड्युटी लिस्टपासून करा. ती रविवारी रात्री उशिरा ग्रुपवर टाका. ढेबेवाडीहून एसटीनं येणाऱ्या मुलीला सलग नाइट लावा. तिनं नणंदेच्या साखरपुड्यासाठी मागितलेला ऑफ आदल्या संध्याकाळी रद्द करा. विचारलंच तर ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणा. दुपारी ओव्हर द्यायच्या वेळी ‘पुढची सिस्टर आली नाही, जरा थांबा’ म्हणून बसवून ठेवा. एसटी गेली की सोडा.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात 3 रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत 5 रुग्णांमागे एक, हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण. ते भिंतीवर लावू नका, लोक मोजायला लागतात. हायवेवरचा अपघात रात्री येणारच. त्या गडबडीत एखादं सलाईन उशिरा लागलं की सकाळी मेमो द्या.

डॉक्टरांना फाइल आपटायची असेल तर ती राउंडमध्ये, नातेवाइकांसमोर आपटू द्या. केबिनमध्ये बोलावून झापलं तर निम्मा परिणाम वाया जातो. दुसऱ्या दिवशी तेच नातेवाईक तिच्या अंगावर धावून आले, तर शांतपणे तिलाच विचारा, ‘तुम्ही काय बोललात?’ माझ्या मते याच्याइतका जालीम उपाय दुसरा नाही.

पैशांचा विषय निघालाच तर 2016 ची गोष्ट काढू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं तेव्हा लहान खासगी रुग्णालयातही महिन्याला किमान 20,000 रुपये द्या, आणि 200 हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्या, असं सुचवलं होतं. 12 मेला, परिचारिका दिनी, मात्र केक आणा. फोटोत व्यवस्थापन मधोमध.

एवढ्यावर राजीनामा येतोच. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहिलेलं असेल. खोदून विचारू नका, खरं सांगितलं तर पंचाईत होईल. मूळ प्रमाणपत्रं तुमच्या कपाटात असतील, ती लगेच देऊ नका. ‘साहेब बाहेर आहेत, सोमवारी या’ असं सांगून तिला काउंटरवर खेटे घालायला लावा. ते बघत ड्युटीवर उभ्या असलेल्या दोघींचे अर्ज त्याच महिन्यात येतील.