पादचाऱ्यांचा बैलपोळा

दरवर्षी ११ डिसेंबरला पुणे महापालिका लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करते. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढ्या पट्ट्यात त्या दिवशी वाहनांना बंदी असते आणि माणसे चक्क रस्त्यावरून चालतात. २०२१ पासूनचा हा सोहळा म्हणजे पादचाऱ्यांचा बैलपोळाच. वर्षभर ज्याला दामटायचे त्याला एक दिवस ओवाळायचे. फरक इतकाच, की बैलाला उरलेले दिवस निदान गोठा तरी मिळतो.

याला महापालिकेचे अज्ञान म्हणता येत नाही. २०१६ सालीच तिने पादचारी धोरण केले, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे केली. पुढच्याच वर्षी आठशे किलोमीटरहून लांब मार्गांचा सायकल आराखडा मंजूर झाला. इंडियन रोड्स काँग्रेसने तर २०१२ मध्येच सांगून ठेवले आहे, की पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. प्रत्यक्षात पदपथाची उंची गुडघ्याची परीक्षा घेणारी, आणि रुंदी विजेचा डीपी, फ्लेक्सचा खांब, राडारोडा व झाडाचे आळे यांनी आपसांत वाटून घेतलेली. कारण साधे आहे. रस्ता आखताना आधी गाड्या मोजतात, मग त्या उभ्या करायला जागा काढतात, आणि एवढे करूनही काही उरलेच तर त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून त्याला पदपथ म्हणतात. चालणे ही वाहतूक आहे, हेच आपल्या हिशेबात नाही. पादचारी म्हणजे वाहतुकीतला अडथळा. म्हणून त्याला पुलावर चढवायचे नाही तर भुयारात उतरवायचे. गाडीला चढ नको, सत्तरीच्या आजींना मात्र दोन जिने चालतात!

जागाच नाही, हा पदपथ रुंद करण्यावरचा पहिला आक्षेप. पण त्याच रस्त्याच्या दोन्ही कडांना दिवसभर फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारींना जागा सापडते, तेव्हा प्रश्न जागेचा नसून ती कोणाला द्यायची याचा आहे. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, तर तिथे माणसे चालताना, बसतानाही दिसतात (अधूनमधून दुचाक्याही, हे मान्य). दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. पण लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीची गर्दी असते ती पायी फिरणाऱ्यांची. गाडीत बसून कोणी साडीचा पोत पाहिलेला नाही. तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: पादचारीच बेशिस्त आहेत, कुठूनही रस्ता ओलांडतात. ओलांडतात खरे. झेब्रा पट्टे पुसलेले, जिथे आहेत तिथे गाड्या त्यांच्यावरच उभ्या. शिस्तीने ओलांडायचे ठरवले, तर माणूस अलीकडेच म्हातारा होईल. आणि या बेशिस्तीची शिक्षा पाहा: सरकारी आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. म्हणजे रोज सरासरी नव्वद. एवढा दंड सिग्नल तोडणाऱ्या मोटारवाल्यालाही नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तेव्हा नवे धोरण, नवा आराखडा, नवी समिती काही नको; २०१६ चेच कागद बाहेर काढून प्रत्येक प्रभागात १.८ मीटर मोकळा पदपथ किती आहे, ते जाहीर केले तरी पुरे. राजकारण्यांना चालण्याचे वावडे आहे असेही नाही. निवडणूक आली की सगळेच पदयात्रा काढतात. फक्त ती रस्त्याच्या मधोमध निघते आणि पोलीस पुढे वाहने थांबवतात. पुढच्या वेळी उमेदवार हात जोडून आले, की त्यांना एवढेच सांगा: मत देऊ, पण पदयात्रा फुटपाथवरून काढा.