तेहतीस टक्के सावित्री

महाड तालुक्यात हमखास घरपोच मिळणारी सरकारी सेवा एकच, पंचनामा. पाणी ओसरतं, घोटाभर चिखल मागे उरतो आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे तिघे दारात उभे राहतात. त्या तिघांची थट्टा करण्यात अर्थ नाही, ते बिचारे चिखल तुडवत आलेले असतात. गंमत त्यांच्या हातातल्या कागदाची आहे. त्या कागदाला झालेलं तेवढं दिसतं, आणि तेही टक्केवारीत. घराची पडझड पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर घर धडधाकट. पीक तेहतीस टक्क्यांच्या आत गेलं असेल तर पीक शाबूत. खाडीपट्ट्यात तुडीलच्या बाजूला एखाद्याचं बत्तीस टक्के भात आडवं झालं, तर शासनाच्या लेखी त्याचं साल उत्तम गेलं. घरातल्या कपड्या-भांड्यांच्या मदतीलाही पूर्वी अट होती की घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असलं पाहिजे. म्हणजे गादी छत्तीस तासांत बाहेर ओढून वाळत घातली, तर तिचं भिजणं नियमात बसत नव्हतं. २०२१ च्या महापुरानंतर ही अट शिथिल झाली. तेव्हा कपड्यांचे पाच हजार आणि भांड्यांचे पाच हजार ठरले. दुकानदाराला नुकसानीच्या पंचाहत्तर टक्के, पण पन्नास हजारांच्या वर नाही. हे मिळवायला आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स लागते. आधार कार्ड पेटीत होतं, पेटी पाण्यात होती आणि झेरॉक्सचं दुकान बाजारपेठेत होतं, हा तपशील अर्जात लिहायला जागा नसते.

तरीही मान्य करायला हवं की हा कागद चालतो. उशिरा का होईना पैसे जमा होतात, यादीत नाव येतं, नाही आलं तर तहसील कचेरीत भांडता येतं. भांडायला रकाना असतो, आकडा असतो, खाली दोन पंचांच्या सह्या असतात. दुसरीकडे पूर येऊच नये किंवा आला तर लवकर निघून जावा, यासाठी जे करायचं त्याचा असा कागद कुठल्याच कचेरीत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी साडेअकरा हजार कोटींची घोषणा केली. त्यात तातडीच्या मदतीला दीड हजार कोटी, पुनर्बांधणीला तीन हजार कोटी आणि पूर आवरण्याच्या दूरगामी उपायांना तब्बल सात हजार कोटी होते. दीड हजार कोटींतले दहा हजार रुपये ज्याला मिळाले त्याला तारीख पाठ आहे. सात हजार कोटींतलं आपल्या दाराशी काय आलं, हे विचारायचं ठरवलं तर कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, हेच माहीत नाही. तेव्हा तोडगा सरळ आहे. सरकारला जर पंचनाम्याचीच भाषा कळते, तर दरवर्षी मे महिन्यात सावित्री नदीचाच पंचनामा करावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो आभाळाकडे बोट दाखवून. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यापुढे नगरपरिषद काय, इंद्राचंही चाललं नसतं, असं म्हणतात. पाऊस कुणी थांबवा असं कुणी म्हटलेलंच नाही. पण महाबळेश्वरावर पडलेलं पाणी घाट उतरून पोलादपूरमार्गे सावित्रीतून येतं, काळ आणि गांधारी या नद्या आपापलं पाणी घेऊन त्यात भर घालतात, हा रस्ता नवा नाही. खाली खाडीत भरती असली की हे पाणी तुंबतं, हेही नवं नाही. त्या वर्षी आषाढी एकादशी २० जुलैला होती, गुरुपौर्णिमा २४ ला, आणि पूर आला बरोबर मधे, २२ ला. पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं हे खाडीपट्ट्यातलं शाळकरी पोर सांगेल, आणि पौर्णिमा कधी आहे हे भिंतीवरची दिनदर्शिका जानेवारीतच सांगते. पावसाचा आकडा आधी कळत नाही, मान्य. पण उधाणाची तारीख, नदीची वाट, सुकट गल्लीत पाणी आधी शिरतं आणि बाजारपेठेत मागाहून, हे सगळं ठरलेलं असताना अनपेक्षित म्हणायला उरतं काय? बाजारपेठेतला दुकानदार पाऊस चार दिवस टिकला की पोती माळ्यावर चढवू लागतो. त्याला कुठल्या समितीने अहवाल दिलेला नसतो.

आता या पंचनाम्यात लिहायचं काय? तेच रकाने, तीच टक्केवारी. पात्र मूळचं किती रुंद होतं, आता पाणी वाहायला किती उरलं, मधली बेटं किती वाढली, त्यांच्यावर झाडं किती जुनी झाली. दासगावजवळ कोकण रेल्वेच्या भरावाने पाणी अडतं ही महाडकरांची जुनी तक्रार. ती खरी की खोटी, याचा मोजून निकाल. शहरातल्या नाल्यांची तोंडं किती उघडी, किती बुजलेली. महामार्गाच्या कामात किती मोऱ्या पूर्वीच्या जागी राहिल्या. आणि खाली एक ओळ, नुकसानीची टक्केवारी. पात्र तेहतीस टक्क्यांहून अधिक बुजलं असेल तर नदी मदतीस पात्र. बत्तीस असेल तर शेतकऱ्यासारखं तिनेही पुढच्या वर्षीची वाट बघावी. नियम सर्वांना सारखा.

गाळ काढला की, असं लगेच कुणीतरी म्हणेल. काढला, नाही कोण म्हणतं? नागरिकांनी लावून धरलं, २०२१ च्या पुरानंतर नदीत यंत्रं उतरली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण डोंगर दरवर्षी खाली येतात आणि गाळ काढायची घोषणा मोठ्या पुरानंतर येते, हा हिशेब जुळत नाही. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, जवळपास दोनशे माणसं गेली. २०२१ ला तळीये येथे ऐंशीहून अधिक, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे, सुतारवाडी. डोंगर असा सुटतो तेव्हा त्यातली बरीच माती शेवटी नदीत जाते, आणि ती निघाली की नाही हे बघायला दर मे महिन्यात कुणी नसतं. काठावर रचून ठेवलेला गाळ पहिल्या जोरदार सरीत पुन्हा पात्रात उतरतो, हे सांगायला अभियंता लागत नाही. एकदाच्या कामाचा फोटो निघतो; दरवर्षीच्या कामाचं नुसतं बिल निघतं, म्हणून ते कुणाला नको असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो लोकांवर आहे. नदीच्या कुशीत घरं बांधली कुणी, आणि जलसंपदा खात्याने निळ्या-लाल पूररेषा आखल्या की बोंब कोण मारतं? खरं आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल; निळीच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मधे अटी. रेषा शास्त्राला धरून असेल, पण सगळी जुनी बाजारपेठ जिच्या पोटात येते ती रेषा अंमलात आणायची कशी, हे तिच्याबरोबर कुणी सांगत नाही. ज्याचं दुकान तीन पिढ्यांचं आहे त्याला परवानगी नाकारायची आणि पात्रातलं बेट मात्र जिथल्या तिथे ठेवायचं, यात शास्त्र अर्धंच वापरलं जातं. रेषा नदीलाही लागू असावी: पात्र इतकं मोकळं नसेल तर दंड, आणि तो भरायचा ज्याच्या ताब्यात पात्र आहे त्याने.

इथे तिसरा आक्षेप नगरपरिषदेच्या बाजूने येतो की पात्र आमच्या ताब्यातच नाही. अगदी बरोबर. तळाची माती महसूल खात्याची, पाणी जलसंपदाचं, खाडी मेरीटाइम बोर्डाची, भराव रेल्वेचा, रस्ता महामार्गवाल्यांचा, वरच्या अंगाचे कारखाने एमआयडीसीचे. नगरपरिषदेच्या वाट्याला पुराचा भोंगा आणि चिखल. २०२१ ला तो चिखल उपसायलाही ठाण्या-नवी मुंबईच्या महापालिकांची पथकं यावी लागली. २०११ च्या जनगणनेत तीस हजारही भरली नाही अशा शहराच्या तिजोरीकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार? शिवाय पुरानंतर नगरपरिषदेची मुदत संपली आणि सावरण्याची ती सगळी वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती गेली. मतदान झालं ते २ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे शहर उभं राहण्याच्या काळात, ज्याच्या दारात जाऊन शिव्या द्याव्यात असा नगरसेवकही नव्हता. प्रशासकाला शिव्या देता येत नाहीत असं नाही, पण त्याची बदली होते.

तरी पालिकेला निदान ठराव करायला कुणी अडवलं होतं का, असं विचारलं तर महाडचा इतिहास हसेल. याच गावच्या पालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला आणि कागद दप्तरात ठेवून दिला. तीन वर्षं तळ्याच्या पाण्याला त्याची खबर नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं स्वतः काठावर गेली तेव्हा ती लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठरावही मागे घेतला. ठराव असणं आणि पाण्याने तो ऐकणं यातलं अंतर इथल्या लोकांना शिकवायला नको.

सरकारला घाई जमत नाही, हेही खोटं. सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटीच्या गाड्या माणसांसकट गेल्या, आणि नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुलाही झाला. तळीयेच्या लोकांना पुनर्वसनाच्या पहिल्या टप्प्यातल्या घरांच्या किल्ल्या मिळायला दोन वर्षांहून जास्त लागली. फरक इतकाच की पुलावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि तळीयेतून फक्त तळीयेवाले.

राहिला प्रश्न रक्कम कुणाच्या खात्यात टाकायची हा. सावित्रीला आधार कार्ड नाही, पासबुक नाही, वारस नोंद नाही. पण काळजीचं कारण नाही. नदी म्हणजे काम होतं तोवर प्रत्येक खात्याने ती शेजारच्या खात्याची असल्याचं लेखी कळवलं होतं. तिच्या नावे पात्रमदत मंजूर झाल्याची नोटीस तहसील कचेरीच्या फळ्यावर लागू द्या. संध्याकाळच्या आत पाच-सहा खाती मालकीचे उतारे घेऊन रांगेत उभी राहतील. तलाठ्याने त्यांच्याकडून फक्त अर्ज भरून घ्यावेत, दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वाट्याच्या पात्राचं पोकलेनचं बिल द्यावं.