मालक, सोलापूरला घट्टच ऑइल लागतंय

सोलापुरात दुचाकी सर्व्हिसिंगला दिली की मिस्त्री सगळं विचारतो. गाडी धुवायची का, ब्रेक घट्ट करायचे का, हॉर्न बघायचा का. फक्त ऑइल कुठलं टाकायचं, हे विचारत नाही. ते त्याच्या मनातलं पडतं, आणि त्याच्या मनात बारा महिने २०डब्ल्यू-४० असतं. अ‍ॅक्टिव्हा असो की स्प्लेंडर. दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० छापलेलं आहे. ते पान उघडून समोर धरलं तेव्हा मला उत्तर मिळालं, "मालक, पुस्तकात काय बी लिहित्यात. हितलं ऊन बघितलंय का त्यांनी? सोलापूरला घट्टच ऑइल लागतंय."

हे वाक्य इतक्या गॅरेजांत इतक्या खात्रीने ऐकायला मिळतं की गिऱ्हाईक गप्प बसतं. मला गप्प बसवत नाही. ज्यांनी ते पुस्तक लिहिलं त्यांनी ही गाडी नागपूर, चंद्रपूर आणि राजस्थानातही विकली आहे. तिथला मे महिना आपल्यापेक्षा सौम्य नसतो. तिथल्या गिऱ्हाइकाच्या हातातही हेच पुस्तक असतं.

मूळ चूक उन्हाच्या हिशेबात आहे. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. एसएईच्या जे३०० या मानकानुसार त्या तापमानाला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावं लागतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३. १०० अंशच का? कारण तापलेल्या इंजिनात ऑइल साधारण त्याच तापमानाला काम करतं. आता तेच १०डब्ल्यू-३० आपल्या ४० अंशांच्या दुपारी मोजलं, तर ते सत्तरच्या आसपास भरतं. म्हणजे पार्क चौकात उन्हात तापलेली गाडी आपण चालू करतो तेव्हा आतलं ऑइल चालत्या इंजिनातल्यापेक्षा कितीतरी पट घट्ट असतं. सोलापूरचं ऊन माणसाला सोसत नाही हे खरं, पण इंजिनाच्या ऑइलसाठी ते थंडच आहे. २०डब्ल्यू-४० त्याच दुपारी शंभरच्या वर जातं. वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला ते जास्त वेळ घेतं, आणि सुरुवातीच्या याच काही क्षणांत इंजिनाची झीज जास्त होते. त्यातून आपली धाव किती? नवी पेठेतून सात रस्ता. इंजिन धड तापेपर्यंत घर येतं.

त्याने गाडी बंद पडत नाही. अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं, पिकअप थोडा जड होतो. नुकसान लगेच दिसत नाही, म्हणूनच ही सवय टिकली आहे.

सगळ्यात जास्त राग मला त्या चिमटीचा येतो. मिस्त्री गरम इंजिनाचा बोल्ट काढतो, ट्रेमध्ये पडणाऱ्या ऑइलमध्ये बोट बुडवतो, अंगठ्याने चोळतो आणि थेंब खाली सोडतो. "बघा, पाणी झालंय पाणी." अहो, गरम ऑइल पातळच असतं. ते तसंच असायला हवं. तोच ट्रे संध्याकाळी बघा, ऑइल पुन्हा दाट झालेलं असतं. काळ्या रंगाचंही तेच. ऑइलमधली रसायनं काजळी धरून ठेवतात म्हणून ते काळं होतं. नुसत्या रंगावरून ऑइल संपलं असं ठरत नाही.

यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. घट्ट ऑइलने टॅपेटचा आवाज दबतो, "गाडी मऊ झाली" म्हणून आपण खूश होऊन पैसे देतो. टॅपेटची फट होती तेवढीच राहते.

घट्ट ऑइल वाईटच, असं मी म्हणत नाही. पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांना कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगते, रॉयल एनफिल्डच्या बऱ्याच मॉडेलांना १५डब्ल्यू-५०. तिथे पातळ ऑइल टाकणं तितकंच चूक. ऑइल पिणाऱ्या जुन्या, झिजलेल्या इंजिनाला एक ग्रेड घट्ट टाकून काही महिने काढणं समजू शकतं. काही मॅन्युअलांत तापमानाचा तक्ता देऊन दुसऱ्या ग्रेडची परवानगीही असते. त्या तक्त्यात बसत असेल तर खुशाल टाका. पण बघून टाका. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिला जासो एमए दर्जाचं ऑइल लागतं. स्कूटरचं एमबी दर्जाचं ऑइल तिच्यात ओतलं तर क्लच घसरू शकतो. एकच ड्रम सगळ्या गाड्यांना चालत नाही, तो याच कारणाने.

बिलावर मात्र नुसतं "ऑइल" एवढंच लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजात गेलो तर आधी काय पडलं होतं हे सांगायला हातात काहीच नसतं.

म्हणून सोलापुरातल्या सगळ्या मिस्त्रींना विनंती आहे: डबा गिऱ्हाइकासमोर फोडा आणि बिलावर ग्रेड लिहा. आणि गाडीमालकांनो, ऑइल पडायच्या आधी मॅन्युअलमधलं ते एक पान वाचा. मिस्त्री नाही म्हणाला, तर स्वतः डबा विकत घ्या आणि तो रिकामा होईपर्यंत गाडीजवळून हलू नका.